कंसातलं नाव

सर्व मराठी बंधुभगिनींना कळवण्यास अत्यंत दुःख होते की लंडनचे ज्येष्ठ गीतकार आणि संगीतकार श्री. अर्नेस्ट टिबल यांचे निधन झाले आहे.

हे निधन होऊन कित्येक दशकं लोटली, हा तपशील वेगळा. लंडनच्या कडेच्या आमच्या एजवेअरमध्ये त्याचं सुतक अजून फिटलेलं नाही. दर नोव्हेंबरात साठे काकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर अगदी याच शब्दांत निरोप येतो आणि खाली लिहिलेलं असतं: "पुण्यतिथीनिमित्त रविवारी चार वाजता आमच्या घरी तीन मिनिटे शांतता पाळण्यात येईल. नंतर चहा. बिनदुधाचा."

आमच्या मराठी मंडळात नव्याने आलेली माणसं पहिल्या वर्षी घाबरून खरोखर पांढरे कपडे घालून जातात. नागपूरहून वर्क व्हिसावर आलेलं एक जोडपं फुलं घेऊन गेलं होतं. काकांनी ती फुलं अतिशय गंभीरपणे घेतली आणि ग्रामोफोनच्या कर्ण्यात खोचली.

शांतता तीन मिनिटांचीच, कारण लाखेच्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन मिनिटं चालते. तेवढ्या वेळात टिबलसाहेबांचं एक गाणं वाजतं आणि बाकीच्यांनी तोंड मिटायचं असतं. खोकला आला तर काकू हात धरून किचनमध्ये नेतात. "तीन मिनिटं गप्प बसा, मग आयुष्यभर बोला," हे काकांचं वाक्य. मी पंधरा वर्षं या वाक्याची नक्कल करून टाळ्या मिळवल्या आहेत. मंडळाचा निवेदक मी. माइक हातात आला की माझ्या अंगात येतं. काकांच्या इतक्या नकला मी केल्या आहेत की काही लोकांना खरे काका माझ्यापेक्षा कमी खरे वाटतात. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. आता ती सांगताना कान तापतात, पण सांगितलीच पाहिजे.

तर साठे काका. वय ऐंशीच्या पुढे, उंची बेताची, गळ्यात घरातसुद्धा टाय. नोकरी मिल्टन कीन्सला, नकाशे काढायची. ते शहर वसत होतं तेव्हा तिथल्या काही राउंडअबाउटची वर्तुळं काकांच्या हातची. मी हल्ली तिथेच नोकरीला जातो आणि रोज सकाळी त्याच वर्तुळांवरून गरागरा फिरतो. "राउंडअबाउट म्हणजे काय रे," काका म्हणतात, "मोठी तबकडीच. फरक एवढाच की सुईला बाहेर पडायला वाट असते."

एकदा ऑफिसजवळच्या जुन्या बाजारात त्यांना एक तबकडी मिळाली. घरी आणून लावली. बँडवाल्याचं नाव मोठ्या अक्षरात, गायकाचं त्याहून लहान, आणि गाण्याच्या नावाखाली, कंसात, मुंगीएवढ्या अक्षरात: टिबल. काकांना गाणं आवडलं. कुणाचं म्हणून पाहायला गेले तर भिंग आणावं लागलं. त्या दिवसापासून जे वेड लागलं ते लागलंच.

त्यांच्याकडे गाणं ऐकायचे नियम आहेत. आधी नवी सुई. लोखंडी सुई एका बाजूला एकदाच वापरायची, मग ती जुन्या मार्मालेडच्या बरणीत. मग चावी. मग काका तबकडी उचलून तुमच्या नाकासमोर धरतात. तुम्ही साहजिकच वरची मोठी अक्षरं वाचू लागता.

"कंस वाच आधी."

"टिबल."

"कोण टिबल? टिबल छप्पन असतील. पूर्ण वाच."

लेबलवर पूर्ण नाव नसतंच. तिथे कंसाला लागून काकांनी बारीक पेन्सिलीने लिहिलेलं असतं: अर्नेस्ट. प्रत्येक तबकडीवर. नकाशेवाल्याचं अक्षर, छापल्यासारखं. "आईनं हौसेनं ठेवलेलं नाव असतं ते," काका म्हणतात. "कंपनीला जागा पुरली नाही म्हणून काय झालं?"

मग मान डावीकडे कलती करून, डोळे मिटून ते बसतात. माझ्या नकलेत ही मान जरा जास्तच कलायची.

टिबलसाहेबांचं चरित्र आमच्या मंडळात शाळकरी पोरांनाही पाठ आहे. वडील मासळीच्या दुकानात, आई एडिथ शिवणकाम करणारी. अर्नेस्ट लहानपणी चर्चचा पियानो वाजवायला शिकला आणि पुढे गाण्यांचे छापील कागद विकणाऱ्या दुकानात लागला. काम असं की गिऱ्हाइकाने कागद उचलला की तो वाजवून दाखवायचा. दिवसभर दुसऱ्यांची गाणी. तेवढ्यात अमेरिकेतून जॅझ आलं. लंडनमधली सगळी हॉटेलं एकाएकी नाचू लागली आणि नाचायला नवी गाणी कमी पडू लागली. टिबलने दुपारच्या सुट्टीत सँडविच खाताखाता एक लिहिलं. 'ट्रामच्या वरच्या मजल्यावर'. ते चाललं. मग 'मिस पार्कर, तुमची छत्री'. मग 'गुरुवारी चंद्र उशिरा येतो'. सात-आठ वर्षं हा माणूस अख्ख्या देशाच्या पायांना ठेका देत होता. बँडवाल्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रात यायची. टिबल कंसात. दोन तबकड्यांवर कंसातसुद्धा चुकीचा छापलाय, एकीवर 'ट्रिबल' आणि एकीवर 'टिब्स'. त्या दोन तबकड्या काका कुणालाही दाखवत नाहीत. घरातली भानगड असावी तशा त्या कपाटाच्या मागे ठेवल्या आहेत.

मग फॅशन बदलली. बोलपट आले, मोठे बँड आले, टिबलची गाणी आज्जीच्या टोपीसारखी दिसू लागली. शेवटची बरीच वर्षं त्याने समुद्रकाठच्या एका हॉटेलात जेवणाच्या वेळी पियानो वाजवला. एकदा एका पाहुण्याने फर्माईश केली, 'मिस पार्कर' येतं का. टिबल म्हणाला, प्रयत्न करतो. वाजवलं. पाहुणा पियानोपाशी आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, छान वाजवता, पण मधली ओळ चुकते तुमची, मूळ गाण्यात ती वर जाते.

"मग टिबल काय म्हणाला?" हा प्रश्न आपण विचारायचा असतो.

"थँक यू म्हणाला," काका सांगतात आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. हा किस्सा मी त्यांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकला. वीसही वेळा ते तसेच हसले. मीही हसलो.

आता मंडळाकडे येऊ. आमचा कार्यक्रम कुठलाही असो, गणपती, संक्रांत, पाडवा, शेवटी सगळे उभे राहून एक गाणं म्हणतात. मी इथे आलो त्याच्या कितीतरी आधीपासूनची पद्धत. शाळेचा हॉल सहा वाजता रिकामा करून द्यायचा असतो, त्यामुळे गाणं चालू असतानाच खुर्च्या रचल्या जातात, डबे भरले जातात.

'कोट कुणाचा, छत्री कुणाची, नीट बघून घ्या रे,
शेवटची बस दारी आली, हात हलवुनी द्या रे.'

पंधरा वर्षं मी माइकवरून जाहीर करत आलो: "आणि आता आपलं पारंपरिक गीत." माझ्या आधीच्या निवेदकाने कुठलासा कागद दिला होता, त्यावर गाण्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. ज्याच्यापुढे काही लिहिलेलं नसतं ते पारंपरिक, असा माझा समज. कोट, छत्री आणि शेवटची बस असलेलं गाणं कुठल्या परंपरेत बसतं, हा प्रश्न इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही पडला नाही. तबल्यावरचे जोशी तेवढे कुरकुरायचे, "पारंपरिक असून हे केहरव्यात धड बसत नाही. जरा लचकत चालतं."

काका दर कार्यक्रमाला येतात. तिसरी रांग, कडेची खुर्ची. भाषणं चालू असताना पेंगतात, पण शेवटपर्यंत जात नाहीत. त्यावर माझा एक हुकमी विनोद होता. "साठे काका का थांबलेत ओळखा. उरलेलं श्रीखंड अजून वाटायचंय." हमखास हशा. काकाही हसायचे आणि रिकामा डबा वर करून दाखवायचे.

आणखी एक सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या तालमीला काका कोरसमध्ये उभे होते. दुसऱ्या ओळीत 'हात हलवुनी'पाशी सगळे वर जात होते आणि काका एकटेच खाली. मी तालीम थांबवली.

"काका, तिथे घसरताय तुम्ही. मूळ चाल वर जाते."

"मूळ म्हणजे?"

"म्हणजे पारंपरिक."

"असं होय," काका म्हणाले. "बरं झालं सांगितलंस. थँक यू." आणि पुढच्या वेळेपासून सगळ्यांबरोबर वर जाऊ लागले.

या संक्रांतीला मी कळस केला. वीस मिनिटांचा खास कार्यक्रम, नाव 'टिबलपुराण'. टाय लावला, कान डाव्या खांद्याला टेकवला, डोसा उलटायचं सपाट उलथनं सुई म्हणून धरलं आणि पुठ्ठ्याच्या तबकडीवर झुकून म्हणालो, "कंस वाच आधी." हॉल कोसळला. हॉटेलचा किस्सा रंगवला. खांद्यावर हात ठेवणारा तो पाहुणा तर असा उभा केला की जोशी तबल्यावर पडले. तिसऱ्या रांगेत काका टाळ्या वाजवत होते. काकू मांडीवरची पर्स बघत होत्या. मला वाटलं, त्यांना घरी जायची घाई असेल. टाळ्या थांबल्यावर घाम पुसत मी म्हणालो, "आणि आता आपलं पारंपरिक गीत."

फेब्रुवारीत काकूंचा फोन आला. "मिलिंद, जरा येशील का? यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, वाचता येत नाही. आणि यादी करायचीय."

"कसली यादी?"

"तबकड्यांची. पाडवा झाला की आम्ही नॉटिंगहॅमला चाललो, लेकीच्या जवळ. दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. हे सगळं कुठे मावणार? क्रॉयडनचे एक गृहस्थ घेऊन जाणार आहेत, जपणारे आहेत, पण त्यांना यादी हवी."

शनिवारी सकाळी गेलो. काका खुर्चीत, एका डोळ्यावर पट्टी, टाय जागच्या जागी. मी एकेक तबकडी काढून वाचायची, काकूंनी वहीत लिहायचं.

"कंस वाच आधी."

"टिबल, अर्नेस्ट."

"हं. पुढची."

असं दुपारपर्यंत चाललं. 'ट्रिबल' आणि 'टिब्स'सुद्धा आले. त्या वाचताना काकांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. अगदी शेवटच्या पाकिटात एक वेगळी तबकडी निघाली. नवी, काळी कुळकुळीत, कंपनीचं नाव नाही. पांढऱ्या लेबलवर काकांचं ते छापल्यासारखं अक्षर. 'कोट कुणाचा'.

"काका, हे आपलं मंडळाचं गाणं. याची तबकडी कुठून आली?"

"क्रॉयडनच्याच माणसाने कोरून दिली. त्याच्याकडे यंत्र आहे. कंस वाच."

मी वाचला. "पारंपरिक."

"हं," काका म्हणाले. "ही यादीत नको घालू. ही आमच्याबरोबर येणार."

काकूंनी पेन खाली ठेवलं. "अहो, लावा ती. त्याला ऐकू दे."

"राहू दे गं."

"लावा म्हणते ना."

त्या तबकडीला लोखंडी सुई सोसत नाही, म्हणून काकांनी ती साध्या विजेच्या प्लेअरवर चाचपडत लावली. आधी खुर्च्या सरकल्याचे आवाज. एक मूल रडतंय. मग माइकची शिट्टी, आणि मग एक भरदार, स्वतःवर खूश असलेला आवाज: "आणि आता आपलं पारंपरिक गीत."

माझा.

मग सगळा हॉल गाऊ लागला. 'हात हलवुनी'पाशी सगळे वर गेले. खोलीत काका गुणगुणत होते, डोळे मिटून, मान कलती. ते खाली आले. खालीच बरं वाटत होतं ते. बस सुटताना माणसाचा आवाज खाली येतो तसं.

तीन मिनिटं मी गप्प बसलो. काकू मात्र तबकडी संपेपर्यंत थांबल्या नाहीत. त्या हळू आवाजात सांगत राहिल्या, आणि त्या घरात तबकडी चालू असताना कुणी बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मंडळ सुरू झालं तेव्हा आठ कुटुंबं होती, त्यातलं आता साठ्यांचंच उरलं होतं. थंडीचे कोट सगळ्यांनी एकाच बाजारातल्या एकाच स्टॉलवरून घेतलेले, कारण पहिल्याने घेतला आणि बाकीच्यांना तोच सांगितला. काळा, मोठ्या बटणांचा. कार्यक्रम संपला की जो तो हाताला येईल तो कोट घालून जायचा. एकदा कुणाच्या घराची चावी ल्यूटनला गेली, एकदा कुणाची औषधं. काकू स्वतः तीन आठवडे दुसऱ्याच बाईचा कोट घालून फिरल्या. खिशात त्या बाईला आईने पाठवलेलं पत्र होतं. काकूंनी ते वाचलं नाही, पण रोज बसमध्ये त्याला हात लागायचा. "तेव्हा यांनी केलं हे गाणं," काकू म्हणाल्या. "बसस्टॉपवर उभं राहून. चाल टिबलच्या वळणाची, म्हणून तुमच्या जोशींना लचकते."

"काका, मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

काका बराच वेळ प्लेअरचं झाकण पुसत राहिले. "पहिल्यांदा म्हणालास तेव्हा ठरवलं, कार्यक्रम संपल्यावर सांगू. तर तू निघून गेलास. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर एक वर्ष का गप्प बसलो म्हणशील. पुढे पुढे मलाच शंका यायला लागली. माइकवर म्हणतोय म्हणजे बघून म्हणत असेल."

"पण लेबलवर तरी स्वतःचं नाव..."

"रेकॉर्डवर जे आहे तेच लेबलवर लिहायचं. तू काय म्हणतोस ते ऐकू येतंय की स्वच्छ." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "हे बघ, टिबलचं नाव कंसात राहिलं आणि गाणं गेलं. माझं गाणं चालू आहे. सौदा वाईट नाही."

"आणि शेवटपर्यंत का थांबतो आम्ही, ते आता कळलं ना," काकू म्हणाल्या. "श्रीखंड मी घरी करते, मिलिंद. चांगलं करते."

घरी जाताना एका राउंडअबाउटला मी चार वेळा फिरलो. बाहेर पडायची वाट दिसत होती, पण डोक्यात तो खांद्यावर हात ठेवणारा पाहुणा बसला होता. इतकी वर्षं मी त्याची नक्कल करत होतो आणि ती इतकी हुबेहूब का होते, याचं मला कौतुक वाटत होतं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पाडवा झाला की जातायत ना ते? मग पाडव्याला सांग सगळ्यांना. आणि विनोद करू नकोस."

पाडव्यासाठी मी पाच पानं लिहून काढली. टिबलचं चरित्र, आठ कुटुंबं, काळे कोट. कुणालाही कळू दिलं नाही, काकूंनाही नाही. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी नुसतं 'समारोप' छापलं. त्या दिवशी हॉल भरलेला होता. तिसरी रांग, कडेची खुर्ची, डोळ्यावरची पट्टी निघालेली. मांडीवर सवयीने रिकामा डबा.

पावणेसहाला मी माइकपाशी गेलो. माणसं खुर्च्या रचायला उठू लागली, त्यांना खाली बसवलं. कोटांची गोष्ट सांगितली. लोक हसले, मग हसायचे थांबले. मी म्हणालो, "पंधरा वर्षं मी या गाण्याला पारंपरिक म्हणत आलो. ते खोटं होतं. ज्यांनी ते केलं ते याच हॉलमध्ये बसलेले आहेत, आणि मी त्यांना त्यांचंच गाणं चुकतंय म्हणून सांगितलेलं आहे." काका दचकले. काकूंनी त्यांचा हात धरला. जोशींनी तबल्यावरून हात काढून घेतले. मी आवाज जमेल तेवढा सरळ ठेवून म्हणालो, "तर आज पहिल्यांदाच. शब्द आणि चाल..."

काकांनी मान डावीकडे कलती केली आणि डोळे मिटले. कंस ऐकायला बसले.

माझ्या कागदावर पुढे लिहिलं होतं, 'आपल्या सर्वांचे लाडके साठे काका'. ते वाचायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कोण साठे? साठे छप्पन असतील. माझ्या फोनमध्ये ते 'तबकडी काका' आहेत. मंडळाच्या यादीत 'मिस्टर अँड मिसेस साठे'. काकू त्यांना 'अहो' म्हणतात. मला टिबलच्या आईचं नाव माहीत होतं. अख्खा हॉल वाट बघत होता. मी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, कुणीतरी ओठ हलवेल म्हणून. जोशींनी खांदे उडवले. अध्यक्षांनी खिशातून फोन काढला आणि परत ठेवला. काकांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

माइक चालू होता, त्यामुळे जे तोंडातून गेलं ते मागच्या भिंतीपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

"काका, तुमचं नाव काय हो?"